आजाऱ्याची खाट आणि कौन्सिलचा मक्ता

सार्वजनिक सेवेचें काम सरकारी संस्थेनें आपल्या नोकरांकरवीं करावें कीं मक्त्यानें बाहेर द्यावें, हा वाद इंग्लंडांत पुष्कळ वर्षें चालू आहे. रस्ते झाडणें, कचरा उचलणें यांविषयीं तो आपल्याकडेहि ऐकूं येतो. परंतु आजारी व वृद्ध माणसांच्या घरीं लागणाऱ्या साहित्याचा मक्ता दिला असतां कोणता धोका संभवतो, हें त्या देशांत २०२५ सालीं चांगलेंच प्रत्ययास आलें. ज्यांच्या घरांत वडीलधारी माणसें आहेत अशा आमच्या वाचकांस ही हकीकत उपयोगी वाटेल, अशी आम्हांस उमेद आहे.

प्रथम ही सेवा कशी चालते तें पाहूं. आल्फ्रेड मॉरिस या पार्लमेंटच्या सभासदानें मांडलेला दीर्घकाल आजारी व अपंग लोकांविषयींचा कायदा १९७० सालीं संमत झाला, आणि अशा लोकांच्या घरीं आवश्यक त्या सोयी करून देणें हें स्थानिक कौन्सिलांचें कर्तव्य ठरलें. पुढें २०१४ च्या केअर ॲक्टाखालील नियमांनीं असें ठरविलें कीं, गरजूस दिलेलीं उपकरणें व घरांतील एक हजार पौंडांपर्यंतचे किरकोळ फेरफार यांबद्दल कौन्सिलनें पैसे घेऊं नयेत. तज्ज्ञ घरीं येऊन रोग्यास पाहतो व काय लागेल तें ठरवितो. वॉकर, कमोडची खुर्ची, न्हाणीघरांतील आधाराचे दांडे, कळीनें खालींवर होणारा पलंग, शय्याव्रण होऊं नयेत म्हणून हवेची गादी, रोग्यास उचलून घेण्याची यारी, असें हें साहित्य असतें. त्यांतील पलंग, खुर्च्या, याऱ्या यांसारख्या वस्तू वापरण्यापुरत्याच दिलेल्या असतात. गरज संपली म्हणजे त्या परत आणून, धुऊन, निर्जंतुक व दुरुस्त करून दुसऱ्या घरीं धाडावयाच्या. मागून आणलेल्या वस्तूस आपल्या स्मृतिग्रंथांत ‘याचित’ म्हटलें आहे, आणि ती जशी नेली तशी परत करण्याचा निर्बंध तेथें घातला आहे. इंग्लंडांतील ही सर्व व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे.

आतां हें काम बाहेर कां दिलें जातें? गुदाम, मोटारी, धुलाईचीं यंत्रें, कुशल कारागीर, हिशेब ठेवणारे संगणक, इतका पसारा एकेका कौन्सिलला झेपणें कठीण. अनेक कौन्सिलांचें काम एकत्र घेणारा मक्तेदार घाऊक खरेदी करून स्वस्त देऊं शकतो. शिवाय सरकारी कारभार सुरळीत होता असेंहि नाहीं. २००० सालीं तेथील ऑडिट कमिशननें या सेवेची पाहणी करून तिच्या अव्यवस्थेवर कडक टीका केली होती. तेव्हां मक्तेपद्धतीस सरसकट दोष देणें न्यायाचें होणार नाहीं.

परंतु नाण्याची दुसरी बाजूहि आहे. एन. आर. एस. हेल्थकेअर ही कंपनी इंग्लंडांतील कित्येक कौन्सिलांना हें साहित्य पुरवीत असे. त्यांत लंडन शहरांतील अनेक कौन्सिलें होतीं. २०२४ सालीं तिच्या संगणकांवर हल्ला झाला, आणि १ ऑगस्ट २०२५ रोजीं तिचें दिवाळें निघून कारभार सरकारी रिसीव्हरच्या हातीं गेला. मग कौन्सिलांना नवे पुरवठादार शोधण्याची धावपळ करावी लागली.

एका व्यापाऱ्याचें दिवाळें निघालें यांत नवल तें काय, असें कोणी म्हणेल. पण हा माल निराळा आहे. रस्ता आज झाडला नाहीं तर उद्यां झाडतां येतो; पण ज्याचे चारच दिवस उरले आहेत व ज्याला आपल्या घरींच डोळे मिटावयाचे आहेत, त्याचा पलंग पांचव्या दिवशीं येऊन काय उपयोग? पलंग नाहीं म्हणून रोगी इस्पितळांत अडकतो, आणि तेथील खाट दुसऱ्या गरजूस मिळत नाहीं. गादीची हवा गेली तर एकदोन दिवसांतच पाठीस व्रण पडूं लागतात. माणूस उचलणाऱ्या यारीची दर सहा महिन्यांनीं तपासणी झालीच पाहिजे, असा १९९८ चा तेथील नियम आहे. सारांश, हा नुसत्या मालाचा पुरवठा नव्हे. दिलेल्या शब्दाचें तें रोजचें पालन आहे.

२०१४ च्या कायद्याच्या ७९ व्या कलमानें कौन्सिलला आपलीं बरींच कामें दुसऱ्याकडे सोंपवितां येतात. पण त्या दुसऱ्यानें केलेलें कृत्य कौन्सिलनेंच केलें असें धरलें जातें. म्हणजे मक्ता देतां येतो, कर्तव्य देऊन टाकतां येत नाहीं. तथापि कर्तव्य पाळण्यास साधन लागतें. कोणत्या घरीं कोणती वस्तू आहे याची वही मक्तेदारापाशींच असेल, आणि जाणते नोकरहि त्याच्याकडेच गेले असतील, तर तो कोसळल्यावर कौन्सिलच्या हातीं केवळ जबाबदारी उरते. म्हणून आमचें मत असें कीं, मक्ता खुशाल द्यावा. परंतु वही आपल्यापाशीं ठेवावी, दोनचार जाणतीं माणसें आपलीं असावीं, सर्व भार एकावरच टाकूं नये, आणि ज्याचा दर फारच कमी त्याची निविदा आनंदानें नव्हे तर संशयानें वाचावी.

आपल्याकडे कौन्सिलची अशी सेवा नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं काढलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेंत ६५ वर्षांवरील गरजूंना उपकरणांसाठीं तीन हजार रुपये देण्याची तरतूद आहे. पण वस्तू बसविणें, दुरुस्त करणें हें घरच्यांवरच, आणि बहुधा सुनेवर, येऊन पडतें. कित्येक गांवीं धर्मादाय संस्था रुग्णोपयोगी साहित्य अनामत घेऊन देतात. त्यांचा कारभार नेणारा परत आणून देईल या भरंवशावर चालतो. वडील गेल्यावर त्यांची खुर्ची माळ्यावर टाकण्याची रीत पुष्कळ घरीं आहे. ती खालीं उतरवून, स्वच्छ धुऊन, ज्या संस्थेची असेल तिच्याकडे, आणि स्वतःची असेल तर अशाच एखाद्या संस्थेस, या आठवड्यांतच पोंचती करावी. तिची वाट पाहणारें कोणी तरी गांवांत खास असतें.