आईच्या पंखाखालून कळपात

दाणे टिपताना इतर कोंबड्यांनी हुसकावले, तर निमूटपणे बाजूला होणारी एखादी गरीब कोंबडी तुम्ही पाहिली असेल. तीच कोंबडी पिल्ले घेऊन अंगणात आली, की तिचा नूर पार बदलतो. पिसे फुलवून ती मांजरावरच काय, पण माणसावरही धावून जाते. अशा आईला पिल्लांसह बाकीच्या कोंबड्यांत सोडावे, की पिल्ले मोठी होईपर्यंत वेगळे कोंडून ठेवावे? पुष्कळ जण दुसरा मार्ग धरतात. तो सुरक्षित वाटतो. पण नेहमीच तसा असतो असे नाही. असे का, हे कळण्यासाठी आधी कळपाची रीत समजून घेतली पाहिजे.

नॉर्वेचे थोरलेफ शेल्डेरूप-एब्बे यांना लहानपणापासून कोंबड्या न्याहाळण्याचा नाद होता. कोणती कोंबडी कोणाला टोचते याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या आणि आपले निष्कर्ष १९२२ साली प्रसिद्ध केले. कळपातील टोचाटोची वाटेल तशी चालत नाही, तिला एक क्रम असतो, असे त्यांना आढळले. सर्वांत वरची कोंबडी इतर सगळ्यांना टोचते. तिला कोणी टोचत नाही. सर्वांत खालची मात्र सगळ्यांचा मार खाते. हा क्रम एकदा ठरला, की भांडणे कमी होतात. प्रत्येकीला आपली पायरी ठाऊक असते, म्हणून वरचीने नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला सरते.

परंतु त्यासाठी कोंबड्यांना एकमेकींची ओळख असावी लागते. ती मुख्यतः डोके आणि तुरा यांवरून पटते. काही आठवडे दृष्टीआड राहिलेली कोंबडी परत आली, तर तिला परकी समजले जाते आणि तिची पायरी नव्याने ठरते. तीही चोचीने! आता हिशेब करा. अंडी उबण्यास सुमारे २१ दिवस, म्हणजे ३ आठवडे लागतात. त्यानंतर पिल्लांना ६ आठवडे वेगळे ठेवले, तर आई कळपापासून ९ आठवडे दूर राहते. परतल्यावर तिला स्वतःचीच जागा मिळवायची असते आणि साधारण याच सुमारास ती पिल्लांना सोडू लागते. पिल्लांना पाठीराखा हवा, नेमका तेव्हाच तो नसतो.

याउलट, पिल्ले लहान असताना आईचा दरारा मोठा असतो. कोंबडी खुडूक झाली, की मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक अधिक स्रवते आणि ती अंड्यांवर बसून राहते. पिल्ले बाहेर आली, की त्यांच्या सहवासामुळे तिची माया टिकून राहते. या काळात तिच्याहून वरच्या पायरीच्या कोंबड्याही बहुधा माघार घेतात. तिच्या आडोशाने वावरताना पिल्ले कोणापासून दूर राहावे हे शिकतात, आणि कळपालाही त्यांची सवय होते.

मग व्यवस्था कशी करावी? खुडूक कोंबडीची जागा खुराड्यातच, पण जाळीआड ठेवा. इतरांना ती दिसेल. मात्र तिच्या अंड्यांत कोणी अंडे घालणार नाही. पिल्ले बाहेर पडल्यावर दोन-तीन दिवस तिला हलवू नका. पोटात उरलेला बलक पिल्लांना दोनएक दिवस पुरतो, त्यामुळे उशिरा फुटणाऱ्या अंड्यांसाठी आई थांबू शकते. पुढे सर्वांना एकत्र सोडाल ते मोकळ्या अंगणात, आणि तुमच्या नजरेसमोर. अरुंद जागेत पिल्लांना पळायला वाव नसतो. तेथे जाळी राहू द्यावी.

खाद्याकडेही लक्ष हवे. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात कवचासाठी साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. पिल्लांना सुमारे एक टक्का पुरते. जास्तीचे त्यांच्या मूत्रपिंडांना बाधते. म्हणून सर्वांनाच पिल्लांचे खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. मोठ्या कोंबड्या तो गरजेपुरता टिपतात. पाण्याची थाळी उथळ हवी; तीत खडे टाकले, की पिल्ले बुडत नाहीत. एखादे खोके विटांवर उपडे ठेवून खाली फक्त पिल्लू शिरेल एवढी फट सोडा. आईने सोडल्यावर हा आसरा फार उपयोगी पडतो.

एवढे करूनही एखादी कोंबडी पिल्लांचा पिच्छा पुरवू लागली, तर? आईला नव्हे, त्या दांडगीला काही दिवस वेगळे काढा. कारण आता तुम्हांला ठाऊक आहे: जी दृष्टीआड होते, तिची पायरी डळमळते!

तुमच्या घरी किंवा शेजारी कोंबड्या असतील, तर एक वही घ्या. रोज दाणे टाकताना कोण कोणाला टोचते, ते लिहा. अंड्यांवर बसण्यापूर्वी, पिल्ले असताना आणि पिल्ले सोडल्यावर आईची पायरी कोणती होती? उत्तर तुमच्या वहीतच सापडेल.