प्रयाणाची शिदोरी

चार दिवसांच्या गांवाला जावयाचें तरी आपण आधींपासून बांधाबांध करतों. परंतु जें प्रयाण कोणालाच चुकलें नाहीं, त्याची तयारी मात्र "पुढें पाहूं" म्हणून लांबणीवर टाकतों. अंतकाळीं देवाचें नांव मुखीं आलें म्हणजे झालें, अशी आपली सोयीची समजूत असते. ती कितपत खरी, हें आज पाहूं.

भगवद्गीतेच्या आठव्या अध्यायाच्या आरंभीं अर्जुन विचारतो कीं, प्रयाणकाळीं तुला जाणावें कसें? याचें उत्तर पांच ते सात या तीन श्लोकांत आहे. अंतीं जो माझें स्मरण करतो तो मला येऊन मिळतो, हें पहिलें विधान. देह सोडतांना जो भाव मनांत असेल तोच पुढें प्राप्त होतो, हें दुसरें. पण तेथेंच सांगितलें आहे कीं, तो भाव नित्य मनांत मुरलेला असतो. म्हणून तिसऱ्या श्लोकांतील आज्ञा मरणकाळापुरती नाहीं. सर्व काळीं स्मरण ठेव आणि युद्धही कर, अशी ती आहे. म्हणजे काम टाकावयाचें नाहीं. काम करतांनाच मन घडवावयाचें.

असें कां? अंतकाळीं इंद्रियें थकतात, बुद्धि मंदावते. अशा वेळीं निवड मनुष्य करीत नाहीं, त्याची संवय करते. मला एकदां मोठा ताप आला होता. दोन रात्री शुद्ध नव्हती. माझ्या नित्यपाठांत कधीं खंड नसे; तेव्हां भ्रमांतही तोंडीं रामनामच असेल, अशी माझी कल्पना. बरें वाटल्यावर घरांत विचारलें. पत्नी म्हणाली, "अहो, रात्रभर हजेरी घेत होतां, आणि एका मुलाला सारखे बांकावर उभे करीत होतां!" सर्वांबरोबर मीही हंसलों; पण त्या रात्रीं झोंप आली नाहीं. वर्ग आठवला याचा खेद नव्हता, तें माझें कामच होतें. खेद त्या रागाचा होता. पस्तीस वर्षें स्तोत्र जिभेवर होतें आणि राग मनांत. तेव्हांच बोलावणें आलें असतें तर मी काय घेऊन निघालों असतों?

भागवताच्या पांचव्या स्कंधांत भरत राजाची कथा आहे. राज्य सोडून तो गंडकीच्या तीरीं तपाला बसला. सिंहाच्या गर्जनेनें भ्यालेल्या हरिणीचें पाडस प्रवाहांत पडलें, तें त्यानें वांचविलें. येथवर दया होती. पुढें तिची आसक्ति झाली. नित्यकर्म सुटलें, अंतीं दृष्टि हरिणावरच राहिली, आणि तो हरिण होऊन जन्मला. तरी पूर्वजन्माची स्मृति त्याला राहिली. केलेली साधना वायां जात नाहीं, हाही या कथेचा अर्थ आहे.

"पण अजामिळाचें काय?" असें कोणी विचारील. मुलाला हांक मारतांना नारायणाचें नांव मुखीं आलें आणि तो सुटला, एवढेंच आपण ध्यानांत ठेवतों. सहाव्या स्कंधांत पुढेंही कथा आहे. यमदूत परतल्यावर तो लगेच वैकुंठास गेला नाहीं. पश्चात्ताप पावून गंगाद्वारीं गेला, तेथें त्यानें योगसाधना केली, आणि मग देह ठेवला. नामानें त्याला अवधि मिळाला. त्या अवधीचें काम त्याला करावेंच लागलें.

आपल्या जवळच्या काळांतलें उदाहरण विनोबांचें. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत त्यांनीं गीतेवर प्रवचनें दिलीं. सानेगुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. आठव्या अध्यायावर बोलतांना याच साधनेचा विचार त्यांनीं मांडला. पन्नास वर्षांनीं, नोव्हेंबर १९८२ मध्यें, प्रकृति ढांसळल्यावर पवनारच्या आश्रमांत त्यांनीं अन्न व औषध सोडलें आणि १५ तारखेस देह ठेवला. सर्वांनीं तसें करावें असें मी म्हणत नाहीं. त्या शेवटच्या दिवसांमागें मधलीं पन्नास वर्षें होतीं, एवढेंच सांगावयाचें आहे.

मग प्रापंचिकानें काय करावें? निजण्यापूर्वीं पांच मिनिटें दिवसाचा हिशेब पाहावा: कोणावर रागावलों, कशाचा लोभ धरला, कोणाचें देणें राहिलें. वापराविना पडलेली वस्तु दुसऱ्यास द्यावी. सोडण्याची संवय लहान वस्तूंपासूनच लागते. आणि ज्याचें मन दुखविलें त्याची क्षमा मागावी. भ्रमांत ज्याला मी बांकावर उभा करीत होतों, त्याला एकदां मीं विनाकारण मारलें होतें. पत्ता शोधून त्यास पत्र लिहिलें. उत्तर अजून आलेलें नाहीं. येवो न येवो, माझें ओझें तेवढें हलकें झालें.

परलोक कोणी पाहिला, असें म्हणणारेही श्रोत्यांत असतील. त्यांच्याशीं माझा वाद नाहीं. परलोक असो वा नसो, म्हातारपणीं आपल्याच मनाच्या संगतींत दिवस काढावे लागतात. ती संगत चांगली असावी असें वाटत असेल, तर तयारीचा आरंभ आज रात्रींच करावा.