मे क्लोंगचे काठ, उल्हासचे काठ

थायलंडला जाणारा मराठी पर्यटक बँकॉकहून पहाटे निघतो आणि राचबुरी प्रांतातल्या दामनोन सदुआकच्या तरंगत्या बाजारात पोहोचतो. अरुंद कालव्यात होडीला होडी घासत असते. बायका आंबे, पपनस, नारळ विकतात; कुणी होडीतच शेगडी पेटवून नूडल्सचे वाडगे भरून देते. फोटो काढून झाले की मंडळी पुढच्या ठिकाणी निघतात.

या कालव्याची हकिगत मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे. राजा चौथा राम याच्या आज्ञेने १८६६ मध्ये खोदाई सुरू झाली आणि १८६८ मध्ये संपली. मे क्लोंग आणि था चीन या दोन नद्या जोडणारा हा सुमारे ३२ किलोमीटरचा जलमार्ग. शेतकऱ्यांनी त्याला आपापले पाट जोडले, बागा फुलवल्या आणि माल होडीतून काढला. तिथे रस्ताच पाण्याचा होता, म्हणून बाजारही पाण्यावर भरला. डांबरी सडका आल्या तसा तो ओसरू लागला. शेजारच्या अम्फावात तर तो जवळपास संपलाच होता. २००४ मध्ये तिथल्या नगरपालिकेने आणि रहिवाशांनी शनिवार-रविवारचा संध्याकाळचा बाजार पुन्हा उभा केला. कालव्याकाठची जुनी लाकडी दुकानघरे जपण्याच्या कामाची २००८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांनीही दखल घेतली. गर्दी वाढली तसा त्रासही वाढला. रात्री काजवे दाखवायला नेणाऱ्या मोटरबोटींच्या आवाजाला कंटाळून काठावरच्या काही रहिवाशांनी काजव्यांची झाडेच तोडली. बाजार वाचवणे आणि गाव वाचवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे जास्त अवघड.

ते दुसरे काम कसे होते, हे याच मे क्लोंगच्या काठी बान पोंगजवळ दिसते. वाट मुआंग या बौद्ध मठात गावाचे स्वतःचे संग्रहालय आहे. इथली वस्ती मोन लोकांची. त्यांचे पूर्वज ब्रह्मदेशातून आश्रयाला आलेले. मोन भाषेतल्या ताडपत्राच्या पोथ्या, घरातली भांडी, विणकामाची साधने गावकऱ्यांनी अभ्यासकांच्या मदतीने मांडली. विस्थापितांच्या नातवंडांना आपण कुठून आलो, हे तिथे हाताने दाखवता येते.

हे सांगताना मला उल्हासनगर आठवले नसते तरच नवल. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासित आले. गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत कित्येक कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून गावाला नाव मिळाले. बायकांनी घरी पापड लाटले, पुरुषांनी लोकलमध्ये फिरून किरकोळ वस्तू विकल्या. त्यातून आजचे गजानन मार्केट, जपानी बाजार आणि फर्निचर बाजार उभे राहिले. कापडाच्या ताग्यांमधून वाट काढत फिरा, दाल पकवान खा, कोकी बांधून घ्या. या बाजारात एका पिढीचा पुन्हा उभे राहण्याचा हट्ट भरलेला आहे.

आणि हे लोक मुळात नदीचे. त्यांचा इष्टदेव झुलेलाल पल्ला माशावर बसून सिंधूतून येतो. चालिहोचे चाळीस दिवस उपास करायचे, कणकेचा दिवा, खडीसाखर, वेलची, फळे असे बहराणे सजवायचे आणि वाहत्या पाण्यात सोडायचे. सिंधू मागे राहिली, तिच्या जागी उल्हास आली. म्हणूनच या पाण्याची दैना मला जास्त टोचते. जीन्स धुलाईच्या रंगाने शहरातून वाहणारी वालधुनी नदी इतकी बिघडली की ते कारखाने बंद करावे लागले.

त्याच वालधुनीच्या काठी अंबरनाथचे शिवमंदिर आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल आहे. शिलाहारांच्या या भूमिज शैलीच्या मंदिरात गाभाऱ्याकडे पायऱ्या उतरून जावे लागते. बाहेरच्या भिंती मात्र सवडीने, दिवस कलताना पाहाव्यात. जांभळाच्या दिवसांत तसेच पुढे बदलापूरला जावे आणि आदिवासी बायांकडून टोपलीतली जांभळे घ्यावीत.

सिंधी वारसा जपण्याचे काम देशात झालेले आहे. कच्छमधल्या आदिपूरला सिंधविद्येची संस्था आहे, दिल्लीच्या फाळणी संग्रहालयात सिंधसाठी स्वतंत्र दालन आहे. पण बराकीची गोष्ट बराकीतच सांगायला हवी. उल्हासनगरातली एखादी जुनी बराक त्यासाठी राखावी. कराचीहून बोटीने आणलेली ट्रंक, निर्वासिताचे कार्ड, अरबी वळणाच्या सिंधीत लिहिलेली दुकानाची वही, पापडाचे पाट तिथे मांडावेत. पाट्या सिंधी आणि मराठी दोन्हींत असाव्यात. नदीकाठच्या आगरी-कोळी आणि आदिवासी घरांची जाळी, टोपल्याही शेजारी असाव्यात, कारण छावणीच्या आधीही इथे माणसे राहत होती. सर्वांत आधी आवाज नोंदवावेत. १९४७ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात आहे. कॉलेजच्या मुलांनी येत्या सुट्टीत मोबाइल घेऊन आपल्याच गल्लीतल्या अशा एका आजींकडे जावे, आणि बोटीतून उतरल्यावर पहिल्या रात्री त्या कुठे झोपल्या, तिथून विचारायला सुरुवात करावी.