एका तासाचा पूर्ण रोज

ऑक्टोबर छाटणी झाली की सोलापूर जिल्ह्यातल्या द्राक्षबागांना माणसं पुरत नाहीत. विरळणी, डिपिंग, मग काढणी. कुणी रोजावर येतं, कुणाची टोळी काम उक्तं घेते. ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ ही वाणं ज्या नान्नजनं दिली, त्या गावात द्राक्षाच्या मजुरीचा हिशोब पोराटोरांनाही ठाऊक असतो. तिथल्या एखाद्या बागायतदारानं सकाळपासून राबलेल्याला आणि दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्याला सारखाच रोज दिला, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या बांधावर भांडण ठरलेलं.

येशूनं सांगितलेली एक गोष्ट अशाच भांडणाची आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात ती येते. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर आणतो आणि दिवसाला एक दीनार ठरवतो. पुढे नऊ वाजता, बाराला, तीनला आणि शेवटी संध्याकाळी पाचला तो पुन्हा चौकात जातो. पाच वाजता जे उभे असतात, त्यांना तो विचारतो, दिवसभर इथं रिकामे का? आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही, असं ते सांगतात. मजूरअड्ड्यावर दुपार टळेपर्यंत थांबून हात हलवत घरी परतलेल्या माणसाला या उत्तराचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

दिवस मावळल्यावर मालक कारभाऱ्याला सांगतो, शेवटी आलेल्यांपासून मजुरी वाटायला सुरुवात कर. गोष्टीचा सगळा पीळ या क्रमात आहे. पहाटेच्या मजुरांना आधी पैसे मिळाले असते, तर ते दीनार कनवटीला लावून समाधानानं घरी गेले असते. पण तासभर काम केलेल्यांच्या हातावर पूर्ण दीनार पडताना ते पाहतात, त्यांची आशा वाढते, आणि त्यांनाही एकच दीनार मिळतो. उन्हातान्हात आम्ही राबलो आणि यांना आमच्या बरोबरीला बसवलंत, ही त्यांची तक्रार. त्यांचा एक पैसाही बुडालेला नाही. दुसऱ्याला मिळालं, एवढंच त्यांना सलतं.

सोलापुरात ही तक्रार लगेच पटते, कारण हे शहर मोजून मिळणाऱ्या मजुरीवर उभं राहिलं. आधी गिरण्या, मग यंत्रमाग आणि पूर्वभागातल्या घराघरांत वळल्या जाणाऱ्या बिड्या. बिडीची मजुरी हजारावर ठरते. कारखान्यात माल तपासताना छाट निघाली की तेवढ्या बिड्या बाजूला पडतात. हाताच्या कष्टाला किंमत मिळावी म्हणून या शहरातल्या कामगारांनी मोठे लढे दिले आणि ते रास्तच होते. येशूची गोष्ट मजुराचा हक्क नाकारत नाही. ठरलेला दीनार पहाटेच्या मजुरांना मिळतोच. देवाच्या दारात मात्र कुणाची पात्रता मोजली जात नाही, असं ती सांगते, आणि आयुष्यभर मोजून जगलेल्या माणसाला तेच पचायला जड जातं.

याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची दामाजीपंतांची कथा इथं आठवल्याशिवाय राहत नाही. दुष्काळात पंतांनी सरकारी धान्याची कोठारं लोकांसाठी खुली केली. बिदरच्या बादशहाचा कोप ओढवला, तेव्हा विठू महाराच्या रूपात पांडुरंगानं दरबारात जाऊन सगळी रक्कम भरली आणि पावती घेतली. देणं एकाचं, फेडलं दुसऱ्यानं. ख्रिस्ती माणूस वधस्तंभाविषयी बोलतो तेव्हा जवळपास हेच सांगत असतो. पण एक फरक मोठा आहे. दामाजीपंतांनी भुकेल्यांना जगवलं होतं, देव त्यांच्यासाठी धावला याचं कुणाला नवल वाटत नाही. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल वेगळंच म्हणतो: भल्या माणसासाठी एखादा जीव देईलही, ख्रिस्त मेला तो आपण पापी असतानाच. हे लिहिणारा पौल स्वतः ख्रिस्ती मंडळीचा छळ करत हिंडलेला माणूस होता. आपली लायकी नव्हती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

महाराष्ट्रात ही गोष्ट पंडिता रमाबाईंइतकी आतून फार थोड्यांनी अनुभवली असेल. त्यांचं बालपण पुण्यसंचयातच गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबासह तीर्थांमागून तीर्थं करत, पुराणं सांगत हिंडले. स्नानं, उपास, दानधर्म, काही कमी पडू दिलं नाही. 1874 च्या सुमारास दुष्काळात आधी वडील, मागोमाग आई आणि मोठी बहीण गेली. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथं रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तरीही मन निवांत झालं नाही. धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाचं त्यांनी पुढे 1907 मध्ये आपल्या आत्मकथनात लिहिलं. बाप्तिस्म्यानंतरची आठेक वर्षं त्या नव्या धर्मातही जणू लायकीच मिळवत राहिल्या. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन वाचताना त्या थबकल्या. हा माणूस पाद्री होऊन, चर्चमध्ये उपदेश करूनही आपल्याला तारण ठाऊक नव्हतं, असं कबूल करत होता. रमाबाईंनी बायबल पुन्हा उघडलं आणि आहे तशा अवस्थेत आपल्याला स्वीकारलं गेलं आहे, यावर विश्वास ठेवला.

सगळं फुकट मिळत असेल तर माणूस हातपाय कशाला हलवील, ही शंका जुनी आहे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौलच ती मांडतो आणि ठामपणे नाकारतो. इफिसकरांस पत्रात तारण कर्मांनी मिळत नाही असं म्हटल्यावर लगेच पुढच्याच वाक्यात तो सत्कर्मांकडे वळतो. क्रम तेवढा बदलतो: आधी मिळतं, मग हात कामाला लागतात.

रमाबाईंच्या बाबतीत तेच घडलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतातून आणि 1900 च्या सुमारास गुजरातेतून उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावात मुक्तिसदन उभं राहिलं. तिथल्या बायका विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. साध्या मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या आणि त्यांचं बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं. केडगावच्या याच आवारात त्यांनी एक वेगळं घर काढलं होतं. समाजानं ‘बिघडलेल्या’ ठरवून हाकललेल्या, इतर संस्थाही घ्यायला कचरत अशा बायकांसाठी ते होतं. त्याचं नाव त्यांनी कृपासदन ठेवलं.