आमरी की बांडगूळ?

आंब्याच्या फांदीवर दुसरे काही हिरवे वाढलेले दिसले की आपल्याकडे त्याला सरसकट 'बांडगूळ' म्हणतात आणि झाड साफ करताना कोयत्याने खरवडून टाकतात. त्यात खऱ्या बांडगुळाबरोबर सीतेची वेणीही जाते. ही एक आमरी, म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. (एरिडिस या जवळच्या प्रजातीतल्या आमरींनाही लोक हेच नाव देतात.) मे ते जुलैच्या सुमारास तिच्या पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे तुरे वेणीसारखे लोंबतात, तेव्हा ती कुणीही ओळखेल. अडचण येते ती फुले नसताना.

अशा वेळी मुळे पाहावीत. बांडगुळाची शोषक मुळे साल भेदून लाकडात शिरतात आणि झाडाने वर चढवलेले पाणी व क्षार पळवतात. आमरी फक्त आधार घेते. तिची जाड, करडी-पांढरी मुळे सालीवरून दोरीसारखी पसरलेली असतात आणि त्यांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते.

वादळात मोडून पडलेल्या फांदीवर आमरी मिळाली तर ती जरूर वर्गात न्यावी. कोरड्या मुळावर पाण्याचे थेंब सोडा. करडे मूळ पाहता पाहता हिरवे होते! आवरणाच्या पोकळ पेशींत आधी हवा होती. पाणी भरताच ते आवरण पारदर्शक झाले आणि आतले हरितद्रव्य दिसू लागले. म्हणजे हे मूळ पाणी साठवते आणि थोडेफार अन्नही तयार करते. 'अन्न पाने तयार करतात' एवढेच पाठ केलेली मुले इथे हमखास प्रश्न विचारतात.

खरवडलेल्या आमरीची जागा लवकर भरून येत नाही. तिच्या एका बोंडात धुळीसारखे असंख्य बी असते, पण त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. योग्य बुरशी आत शिरली तरच ते रुजते, हे फ्रान्समधील नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नुडसन यांनी साखर घातलेल्या अगारवर बुरशीशिवाय बी रुजवले. रोपवाटिकांचे काम त्यामुळे सोपे झाले. रानात मात्र बुरशीच हवी. त्यामुळे बी पेरून पाहण्यात अर्थ नाही आणि जंगलातले रोप काढून आणणे तर नकोच.

पडलेल्या फांदीवरचे रोप मात्र वाचवता येते. कुंडीतल्या मातीत लावल्यास हवा न मिळून मुळे कुजतात. पावसाच्या सुरुवातीला आंब्याच्या खडबडीत फांदीवर, विरळ सावलीत, ते काथ्याने घट्ट बांधावे. शेंड्यात पाणी साचू नये म्हणून जरा तिरके बांधलेले बरे. पावसाने उघडीप दिली तर मुळांवर पाणी शिंपडावे. मुळांची टोके हिरवी दिसू लागली की रोपाने जीव धरला असे समजावे. काथ्या कुजेपर्यंत मुळांनी साल पकडलेली असते.