बिअरच्या नळाला लिंबू सोडा

मावसभाऊ पुण्याहून आला तेव्हा त्याच्या गाडीच्या डिक्कीत कपडे कमी आणि लोखंड जास्त होतं. स्टीलचा उभा डबा, छोटा गॅस सिलिंडर, दोन घड्याळांचा रेग्युलेटर, पाइप आणि काळ्या दांड्याचा एक नळ. घरी ड्राफ्ट बिअर प्यायचा सेटअप! दोन दिवसांवर ताईची हळद, दीपनगरच्या कॉलनीत मांडव, आणि घरात आजी. त्यामुळे बिअरचा विषय दारातच संपला. तसाही महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, वयाची अट आहे, आणि ताज्या बिअरचा केग पुण्यापासून इथपर्यंत मे महिन्यात थंड कोण ठेवणार? मग ठरलं, यातून लिंबू सोडा काढायचा. साठ-सत्तर पाहुणे, नळ दाबला की सोडा. भारी सीन होईल.

गंमत म्हणजे तो डबा मुळात सोड्याचाच. त्याला कॉर्नेलियस केग म्हणतात. साधारण 19 लिटरचा. अमेरिकेत पेप्सी-कोकवाले त्यात सिरप भरून दुकानांना द्यायचे. पुढे ते प्लास्टिकच्या पिशव्यांकडे वळले आणि घरी बिअर बनवणाऱ्यांनी हे डबे स्वस्तात उचलले. त्याच्याही मागे गेलात तर सोडाच बिअरच्या घरी जन्मलाय. इंग्लंडमधल्या लीड्सला जोसेफ प्रीस्टली ब्रुअरीच्या शेजारी राहायचा. 1767 च्या सुमारास त्याने आंबणाऱ्या पिंपांवर पाण्याचं भांडं टांगलं आणि पाण्यात गॅस मुरला. आपल्या गोळी सोड्याची बाटली त्यानंतर शंभरेक वर्षांनी, 1872 मध्ये हायरम कॉडने पेटंट केली.

आता मुद्द्याचं. पाणी जितकं थंड तितका गॅस जास्त विरघळतो. शून्य अंशाला लिटरभर पाण्यात साध्या दाबाला पावणेदोन लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड मावतो, 20 अंशांना एक लिटरपेक्षाही कमी, 40 ला जेमतेम अर्धा. म्हणून आईच्या फ्रिजचे कप्पे काढून केग आत उभा केला (आई दिवसभर बोलली नाही). बिअरला 10-12 पीएसआय पुरतो, सोड्याला 30 तरी लागतो, म्हणजे बाइकच्या टायरमध्ये असते साधारण तेवढी हवा. नुसतं जोडून ठेवलं तर मुरायला दोन-तीन दिवस जातात. आम्ही घाई म्हणून केग मांडीवर आडवा घेऊन अर्धा तास हलवला. लिंबू मात्र केगमध्ये घालायचं नाही, गर अडकून नळ बसतो. लिंबू, मीठ, साखर ग्लासात.

हळदीच्या दिवशी सकाळी अकरा वाजता मांडवात पहिला ग्लास भरला. नुसता फेस. दुसरा, तिसरा, तेच. रांगेतला एक मित्र ओरडला, “काय भो, सोडा देऊन राह्यला का साबण?” भाऊ घाबरून नळ अर्धाच उघडायला लागला, तर फेस आणखी वाढला. ताईच्या सासरची माणसं समोर उभी. माझ्या पोटात गोळा.

शेजारचे काका बॉयलर सेक्शनमधून रिटायर झालेले. ते उठून आले, पण नळाकडे बघितलंच नाही. सिलिंडरकडे बघितलं. तो आम्ही मांडवाच्या कडेला उन्हात आडवा टाकला होता. “हा कोणी ठेवला रे इथे?” असा आवाज चढला की कोपऱ्यातला हलगीवालाही थांबला.

काकांचं गणित असं. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो, 20 अंशांना आतला दाब 57 बारच्या आसपास. पण 31 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रव राहूच शकत नाही, तो सुपरक्रिटिकल होतो, आणि भरलेल्या सिलिंडरमधला दाब भराभर चढतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच 44-45. आपल्या प्लांटचा 660 मेगावॅटचा नवा संच सुपरक्रिटिकल आहे ना, तीच भानगड, फक्त तिथे पाणी 374 अंश आणि 221 बारच्या पुढे नेतात आणि त्यावर रात्रंदिवस माणसं नजर ठेवून असतात. इथे नजर ठेवायला आम्ही दोघं, तेही रील काढत! सिलिंडरला सेफ्टी डिस्क असते, दाब फार वाढला की ती फुटून गॅस सुटतो. पण पोरं खेळत असलेल्या मांडवात ते बघायची हौस कोणालाच नको. शिवाय आडवा ठेवला की द्रव थेट रेग्युलेटरमध्ये घुसतो.

काकांनी आधी सिलिंडर बंद करून सावलीत खांबाला उभा बांधला. बंद खोलीत न्यायचा नाही, हे बजावून. हा गॅस हवेपेक्षा दीडपट जड, गळला तर खाली साचतो आणि माणूस गुदमरतो. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं. एका जोडाला बुडबुडे आले, तो आवळला. मग फेसाचं कारण शोधलं. केग थंड होता, पण हातभर पाइप आणि नळ तापलेले. थंड सोडा गरम पाइपात आला की गॅस तिथेच सुटतो. भावाच्या पिशवीत लांब पाइपचं वेटोळं होतं. ते जोडून बर्फाच्या बादलीत बुडवलं, कारण लांब बारीक पाइपात दाब हळूहळू मोडतो. केगच्या झाकणावरच्या व्हॉल्व्हमधून थोडा गॅस सोडून दाब 8 वर आणला. “आता नळ पूर्ण उघड. भीतभीत नको.”

पहिला ग्लास थोडा फेसाळ, दुसरा काचेसारखा स्वच्छ. नाकात झिणझिण्या येणारा. आजीने दोन घेतले आणि “बाटलीतल्यासारखाच आहे की” म्हणाली. एवढ्या खटाटोपाला मिळालेली ही एकमेव दाद.

खर्चाचं म्हणाल तर आमच्यासारख्यांनी हा सेटअप विकत घ्यावा असं मला वाटत नाही. कोणाचा मिळाला तर वापरा, पण गॅस खाण्यापिण्याच्या दर्जाचाच घ्या, वेल्डिंगच्या दुकानातला नाही, आणि सिलिंडरवर कोरलेली तपासणीची तारीख वाचा. सिलिंडरना मान्यता देणाऱ्या सरकारी खात्याचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

दुपारी दोनला केग संपला. भाऊ तो धुवायला मोरीत घेऊन गेला आणि झाकण उघडणार इतक्यात काका लांबून ओरडले, “आधी प्रेशर सोड!”