यंत्रलिखित मजकुराची परीक्षा
एखादा मजकूर मनुष्याने लिहिला की कृत्रिम बुद्धिमत्तेने रचला, हे ठरविण्याची पद्धती. जुन्या कागदपत्रांचा खरेखोटेपणा पाहताना इतिहासकार कागद, शाई, मोडीचे वळण, मुद्रा व कालनिर्देश यांचा मेळ घालतात. यंत्रलिखित मजकुरास असा भौतिक पुरावा नसतो. यंत्र संदर्भावरून पुढील संभाव्य शब्द निवडते. म्हणून अपेक्षित शब्दयोजना व वाक्यांचा एकसारखेपणा ही त्याची लक्षणे मानून शोधक साधने निघाली. ती निर्णायक नाहीत. ओपनएआय या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये प्रसृत केलेल्या साधनाने, तिच्याच चाचणीत, यंत्रलिखित इंग्रजी मजकुरांपैकी २६% ओळखले, तर मानवलिखितांपैकी ९% यंत्राचे ठरविले. त्याच जुलैत ते मागे घेण्यात आले. त्या वर्षीच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यासात सात साधनांनी इतरभाषकांचे सरासरी ६१% इंग्रजी निबंध यंत्राचे ठरविल्याचे आढळले. मर्यादित शब्दवैविध्य हे त्याचे कारण होते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणी बोलीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ यांच्या जोडीला ‘मला’, ‘तुला’, ‘कुठे’ ही रूपे आली, की मजकूर यंत्राचा असल्याचा संशय येतो. परंतु शाळेत प्रमाण मराठी शिकलेला मालवणकरही अशी सरमिसळ करतो. त्यामुळे केवळ भाषेवरून दोषारोप केल्यास निरपराध विद्यार्थी भरडला जातो. मसुदे, टिपणे, तपशिलांची पडताळणी व लेखकाशी प्रत्यक्ष चर्चा हाच अधिक भरवशाचा पुरावा होय.